चार जून आणि माकोलाचा बाजार

४ जून, अक्रा

आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तोच विषय, घानाचा माजी राष्ट्राध्यक्ष रॉलिंग्ज. ही तारीख आली की ऑफिसात दोन तट पडतात आणि मी मुकाट्याने डबा संपवते. पूर्वी या दिवशी इथे सरकारी सुट्टी असायची. ती केव्हाच बंद झाली, वाद काही बंद होत नाही.

जेरी रॉलिंग्ज १९७९ साली हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होता, वय अवघं ३१. मे महिन्यात केलेलं बंड फसलं. लष्करी न्यायालयात त्याने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, माझ्या पोरांना सोडा म्हणाला, आणि लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. ४ जूनला खालच्या हुद्द्याच्या सैनिकांनी त्याला कोठडीतून काढून थेट सत्तेवर बसवलं. त्याच महिन्यात आठ बडे लष्करी अधिकारी गोळ्या घालून मारले गेले. त्यात अचेम्पाँग, अकुफो आणि आफ्रिफा हे तीन माजी राष्ट्रप्रमुख. सप्टेंबरात निवडून आलेल्या लिमान यांच्याकडे कारभार सोपवून स्वारी बराकीत परत. आणि ३१ डिसेंबर १९८१ ला त्याच लिमान यांना हाकलून पुन्हा हजर!

वाद होतो तो या आठ जणांवरून. माझं मन मात्र इथल्या, अक्रातल्या माकोलाच्या बाजारापाशी अडतं.

त्या काळात माल मिळेना, भाव चढलेले. नफेखोरीला इथे 'कालाबुले' म्हणत, आणि त्याचं खापर फुटलं बाजारातल्या बायकांवर. सैनिक बाजारात घुसून ठरवून दिलेल्या भावात माल विकायला लावत. जादा भाव घेतला म्हणून बायकांना चारचौघांत फटके मारले. ऑगस्ट १९७९ मध्ये माकोला नंबर एक हा जुना बाजार सैनिकांनी जमीनदोस्त केला. १९२४ पासूनचा बाजार, कित्येक घरं त्यावर चालायची.

मी हिशेबातली बाई, त्यामुळे मला हे फार लागतं. सरकारने नोटा छापल्या, आयातीचे परवाने मर्जीतल्यांना वाटले, डॉलरचा भाव कागदावर २.७५ सेडीला (सेडी म्हणजे इथलं चलन) बांधून ठेवला. मग माल काळ्या बाजारात जाईल नाही तर कुठे? परवाने वाटणाऱ्यांपैकी काहींना गोळ्या मिळाल्या हे खरं, पण फटके खाल्ले ते साखळीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईने.

१९८३ ने तर कंबरडंच मोडलं. दुष्काळ, वणवे, त्यात नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासी परत पाठवले. आमचे स्टोअरकीपर तेव्हा शाळकरी पोर होते. आज बोलता बोलता त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि दोन बोटं गळ्याखालच्या हाडांवरून फिरवली. 'रॉलिंग्ज चेन,' म्हणाले. उपासमारीने वर आलेल्या हाडांना लोक गळ्यातली साखळी म्हणायचे. सांगताना हसत होते, पण समोरची केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, तशीच राहिली होती.

त्याच वर्षी रॉलिंग्ज नाणेनिधीच्या दारात गेला. भावनियंत्रणं हळूहळू उठली, सेडी घसरू दिला. १९८६ च्या सुरुवातीला सरकारी दरच डॉलरला ९० सेडी! म्हणजे ज्या भावासाठी बायकांना चोर ठरवलं, तो पुढे सरकारनेच वहीत मांडला. त्या बायकांची माफी मागावी असं तेव्हा कुणाला सुचल्याचं ऐकलं नाही.

स्टोअरकीपर कट्टर रॉलिंग्जवाले. त्यांचा हुकमी पत्ता ठरलेला: १९९२ आणि १९९६ ला निवडून आला, दोन मुदती झाल्यावर थांबला, पक्ष हरला तेव्हा जानेवारी २००१ मध्ये निवडून आलेल्या विरोधी पक्षाच्या कुफुओर यांच्या हाती कारभार देऊन घरी गेला. हे मी नाकारत नाही. बंदुकीने आलेली किती माणसं अशी जातात? पण जाण्याआधी १९९२ च्या घटनेत, बंड करून सत्ता घेणाऱ्यांना कोर्टात खेचता येणार नाही, असं कलम बसलेलं होतं. शहाणा माणूस.

पाडलेल्या बाजाराच्या जागी गाड्यांचा तळ झाला, नाव रॉलिंग्ज पार्क. तिथल्या कापडवाल्या आंटीच्या आईचा गाळा जुन्या माकोलात होता, तोही गेला. संध्याकाळी कापड घ्यायला गेले तेव्हा विषय काढलाच. ती म्हणे अजून त्याच्याच पक्षाला मत देते. का, ते विचारलं तर हसली आणि कापड माझ्यापुढे सरकवलं. सहा यार्ड वॅक्स प्रिंट, निळ्यावर पिवळी पानं. मी बरीच घासाघीस केली, पण बाई एक सेडी खाली उतरली नाही.