जुनी नेली, नवी विकली: न्यू जर्सीहून ओंटारिओला जाताना आमच्या गाड्यांचं काय झालं

कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना, मंजूर झाला की सगळे विचारतात घर कुठे घेणार, नोकरीचं काय, मुलांच्या शाळेचं काय. आमच्या घरात सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती दारातल्या दोन गाड्यांवरून. २०१९ ची गोष्ट. ग्रीन कार्डाच्या रांगेला कंटाळून आम्ही कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतर योजनेतून अर्ज केला होता आणि न्यू जर्सीहून टोरांटोजवळ मिसिसागाला जायचं ठरलं होतं. एक गाडी नऊ वर्षांची टोयोटा कोरोला, तिचं कर्ज कधीच फिटलेलं. दुसरी दोन वर्षांची एसयूव्ही, तिचं कर्ज निम्म्याहून जास्त बाकी.

नवऱ्याचं मत पक्कं होतं. "अगं, नवी सोडून जुनी गाडी घेऊन कोणी देश बदलतं का?" ऐकायला बरोबरच वाटतं. पण मी कागदपत्रं काढून बसले आणि जसजशी वाचत गेले तसतसा निकाल उलटा लागत गेला. शेवटी आम्ही कोरोला नेली आणि एसयूव्ही विकली. का, ते सविस्तर लिहिते, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी हे दरवर्षी विचारतं.

आधी एक खुलासा. भारतातून थेट कॅनडाला जाणाऱ्यांनी गाडीचा विचारच करू नये. पंधरा वर्षांपेक्षा नवी गाडी कॅनडाच्या सुरक्षा मानकांनुसार बनलेली नसेल तर ती तिथे नोंदवता येत नाही. मोठा अपवाद आहे तो अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांचा. आणि तोही सरसकट नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडा, म्हणजे तिथलं वाहतूक खातं, गाडीची कंपनी, मॉडेल आणि वर्षानुसार एक यादी ठेवतं. तुमची गाडी त्यात 'आयात करता येईल' असं लिहिलेली असेल तरच पुढचं बोलायचं. काही मॉडेल्सपुढे साफ नकार असतो, काहींपुढे अमुक बदल करा म्हणून टिपा असतात. आमच्या दोन्ही गाड्या यादीत होत्या, म्हणून नवऱ्याला वाटलं प्रश्न मिटला.

मी मात्र त्या टिपा वाचत बसले. कॅनडात १९८९ च्या डिसेंबरपासून बनणाऱ्या गाड्यांना दिवसाही आपोआप लागणारे पुढचे दिवे सक्तीचे आहेत. अमेरिकेत तशी सक्ती नाही. हे तपासायला मेकॅनिक लागत नाही: दिव्याचं बटण बंद ठेवायचं, इंजिन चालू करायचं, हँडब्रेक सोडायचा आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडीसमोर उभं करायचं. आमच्या पार्किंगमध्ये भर दुपारी मुलगा समोर उभा राहून "लागले! लागले!" करत ओरडत होता आणि शेजारच्या बाई खिडकीतून बघत होत्या. दुसरी गोष्ट इमोबिलायझरची, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. सप्टेंबर २००७ नंतर बनलेल्या गाड्यांना कॅनडात ती लागते. अमेरिकेत तीही सक्तीची नाही, म्हणून तिथल्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ती गाळलेली असू शकते. मॉडेल तेच असलं तरी तुमच्या व्हेरियंटमध्ये आहे का, हे बघावं लागतं. आमच्या कोरोलात होती.

याच शोधाशोधीत मी पहिल्यांदाच आमच्या कोरोलाचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीला कारखान्यातच मिळणारा ओळख क्रमांक, नीट वाचला. पहिला अंक २, म्हणजे गाडी कॅनडात बनलेली. टोयोटाचा ओंटारिओत केंब्रिजला कारखाना आहे, तिथली ही. म्हणजे बाईसाहेब माहेरीच निघाल्या होत्या. पण माहेरचं म्हणून काही सूट नाही. गाडी कुठे बनली यापेक्षा कोणत्या देशाच्या मानकांनुसार बनली हे महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल अमेरिकी मानकांचं, म्हणून तिलाही बाकीच्यांसारखीच सगळी वारी करावी लागली.

आता खरा मुद्दा, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. अमेरिकेतून वापरलेली गाडी कायमची बाहेर न्यायची तर तिथल्या कस्टम्सला मालकीचं मूळ कागद दाखवावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचं, त्यांच्या लेटरहेडवरचं, गाडीचं वर्णन असलेलं पत्र लागतं की ही गाडी निर्यात करायला आमची हरकत नाही. आम्ही आमच्या बँकेला फोन लावला. पहिल्या बाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी दुसऱ्याकडे दिलं, त्यांनी तिसऱ्याकडे. शेवटी एकजण स्वच्छ म्हणाले की करारात कलम आहे, कर्ज फिटेपर्यंत गाडी देशाबाहेर कायमची नेता येत नाही आणि असं पत्र आम्ही देत नाही. करार काढून बघितला तर कलम होतंच. म्हणजे एसयूव्ही न्यायची तर आधी सगळं कर्ज एकरकमी फेडायचं, मग टायटल पोस्टाने येईपर्यंत थांबायचं. आणि आमच्याकडे थांबायला वेळ नव्हता. पीआर मंजूर झाल्याच्या कागदावर, म्हणजे कन्फर्मेशनवर, कॅनडात पोचायची जी शेवटची तारीख असते ती सहसा मेडिकल तपासणीला धरून असते, ती काही बँकेच्या सोयीने पुढे सरकत नाही.

(लीजवरच्या, म्हणजे भाडेकराराने घेतलेल्या गाडीचं तर त्याहून अवघड. ती तुमच्या मालकीचीच नाही, त्यामुळे स्थलांतरितांना सामानावर जी करमाफी मिळते तिच्यात ती बसत नाही.)

ही करमाफी समजून घेण्यासारखी आहे. पहिल्यांदाच कॅनडात स्थायिक व्हायला येणाऱ्याने येण्याआधी स्वतःच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली गाडी आणली तर तिच्यावर आयात शुल्क आणि कर लागत नाही. तीनही अटी पाळाव्या लागतात. निघायच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन तशीच पलीकडे नेणं त्यात बसत नाही. आणि आणल्यावर बारा महिन्यांच्या आत विकली तर माफ झालेलं सगळं भरावं लागतं. तेव्हा 'तिकडे नेऊन जास्त भावाने विकू' असा हिशोब कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा.

मग आम्ही वहीत मांडायला बसलो. एसयूव्ही विकली तर कर्ज फिटून थोडेफार अमेरिकी डॉलर हातात राहत होते, आणि तेव्हा एका अमेरिकी डॉलरला साधारण १.३२ कॅनेडियन डॉलर मिळत. कोरोला विकली तर जे मिळालं असतं त्यात कॅनडात तिच्याच वयाची गाडीही आली नसती, शिवाय ओंटारिओत गाडी घेतली की १३ टक्के कर. पण माझ्यासाठी वजन पडलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नव्या देशात तुमचा क्रेडिटचा इतिहास कोरा असतो. अमेरिकेत कितीही छान स्कोअर असला तरी पलीकडे तो सहसा कोणी बघत नाही, आणि नोकरीची पहिली पगारपावती येण्याआधी गाडीचं कर्ज मागायला गेलो तर व्याजाचा दर काय असेल ते वेगळं सांगायला नको. ज्या गाडीचा एक पैसाही देणं नाही आणि जिची प्रत्येक कुरकुर मला पाठ आहे, ती पहिल्या दिवसापासून दारात असणं हे मला नव्या एसयूव्हीपेक्षा मोठं वाटलं. नवरा दोन दिवस गप्प होता. मग स्वतःच एसयूव्हीचे फोटो काढून जाहिरात टाकली.

निर्णय झाल्यावर कामं सुरू झाली. कोरोलाच्या टायटलवर जुन्या कर्जाची नोंद तशीच होती. फिटल्याचं पत्र होतं, पण स्वच्छ टायटल कधी काढलंच नव्हतं. ते न्यू जर्सीच्या मोटार व्हेईकल कमिशनकडून, म्हणजे तिथल्या आरटीओकडून, काढून घेतलं.

पुढे आलं रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याचं प्रकरण. कॅनडाला हे लेखी लागतं की गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही. हे पत्र कंपनी किंवा तिचा अधिकृत डीलर देतो. आमच्या गाडीवर टाकाटा एअरबॅगचा रिकॉल बाकी निघाला. त्या एअरबॅगमधला वायू तयार करणारा स्फोटक पदार्थ उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतो आणि फुटताना धातूचे तुकडे उडवतो, म्हणून कितीतरी कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. डॅशबोर्डमागची प्रवाशाच्या बाजूची बॅग बदलायची होती. काम फुकट आणि अर्ध्या दिवसाचं, पण अपॉइंटमेंट मिळून, पार्ट येऊन, कंपनीच्या यादीतून नोंद निघून मग पत्र मिळायला वेळ गेला. कोणालाही एकच सांगते: गाडी न्यायचं मनात आलं की त्याच दिवशी व्हीआयएन टाकून रिकॉल तपासा.

अमेरिकेच्या बाजूचे दोन नियम बहुतेकांना माहीतच नसतात, कारण पर्यटक म्हणून नायगाराला जाताना असलं काही लागत नाही. एक, निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद करून आयटीएन नावाचा नंबर घ्यावा लागतो. कॅनडाला जाणाऱ्या बहुतेक मालाला तो लागत नाही, पण वापरलेल्या गाडीला २०१४ पासून लागतो. ही नोंद सोशल सिक्युरिटी नंबरवर होत नाही, धंद्याचा ईआयएन नंबर लागतो, म्हणून आम्ही सरळ एका फॉरवर्डरला, म्हणजे निर्यातीची कामं करून देणाऱ्या एजंटला, पैसे देऊन करून घेतली. दोन, ज्या नाक्यावरून बाहेर पडणार तिथल्या अमेरिकी कस्टम्सकडे सगळे कागद किमान ७२ तास आधी पोचले पाहिजेत. नाका चोवीस तास उघडा असला तरी निर्यातीचं हे ऑफिस कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच उघडं असतं. शनिवारी निवांत निघू म्हणणाऱ्यांची इथे फसगत होते.

आम्ही बफेलोचा पीस ब्रिज निवडला. पूल ओलांडायच्या आधीच अमेरिकेच्या बाजूला थांबून ऑफिसात गेलो. अधिकाऱ्याने टायटल घेतलं, बाहेर येऊन पुढच्या काचेखालची नंबरपट्टी बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिली, आत जाऊन टायटलवर शिक्का मारला. झालं. ज्याच्यासाठी इतका आटापिटा केला ते काम चहा निवायच्या आत संपलं.

पलीकडे फोर्ट एरीला जास्त वेळ गेला. आधी इमिग्रेशन: कन्फर्मेशनवर सह्या, पत्ता, शुभेच्छा. मग कस्टम्स. सामानाची यादी दोन प्रतींत करून नेली होती, त्यात गाडी वेगळ्या ओळीत, मॉडेल, वर्ष आणि व्हीआयएनसकट. मागून येणाऱ्या सामानाची यादीही त्याच वेळी द्यावी लागते, नंतर आठवलेल्या वस्तूला माफी मिळत नाही. अधिकारी बाईंनी गाडीच्या आयातीचा फॉर्म १ भरला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हा कागद हरवू नका. बाकी काहीही हरवलं तरी चालेल." मी तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

इथून पुढे रजिस्ट्रार ऑफ इम्पोर्टेड व्हेईकल्स, म्हणजे आयात गाड्यांची तपासणी आणि नोंद बघणारं कार्यालय, सगळे ज्याला आरआयव्ही म्हणतात ते. त्यांची फी भरली, रिकॉलचं पत्र पाठवलं की तपासणीचा फॉर्म २ येतो. गाडी देशात आल्यापासून ४५ दिवसांत ती तपासणी पार पाडायची असते. ती 'कॅनेडियन टायर' नावाच्या साखळीच्या बऱ्याच दुकानांत होते. तपासणीत दिवे, सीटबेल्ट, लहान मुलांची सीट अडकवायचे हुक, लेबलं बघतात. आमच्या स्पीडोमीटरवर मैल ठळक आणि आतल्या बाजूला किलोमीटर बारीक आकड्यांत होते, ते चाललं.

पण आरआयव्हीची तपासणी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे याचा दाखला नव्हे, हे बरेचजण गल्लत करतात. ओंटारिओत नोंदणीला सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट वेगळं लागतं आणि ते ३६ दिवसच चालतं. आमचे पुढचे ब्रेक पॅड त्यात नापास झाले, ते बदलले. जुनी गाडी नेणाऱ्याने हा खर्च धरूनच चालावं, विशेषतः खालून गंज असेल तर. धुराची चाचणी मात्र वाचली, प्रवासी गाड्यांसाठीची ती योजना ओंटारिओने त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद केली होती.

ज्या खर्चाने खरंच डोळे पांढरे केले तो विमा. ओंटारिओत हप्ता पोस्टल कोडवर बदलतो आणि अमेरिकेतला अनुभव धरायचा की नाही हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आमच्या अमेरिकी विमा कंपनीकडून किती वर्षं पॉलिसी होती आणि क्लेम नाहीत असं पत्र निघायच्या आधीच घेतलं होतं. ज्या कंपनीने ते मानलं तिचा हप्ता आणि न मानणाऱ्यांचा हप्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. हप्ता ऐकून नवरा म्हणाला, "एसयूव्ही असती तर?" मी काही बोलले नाही.

गाडीला ओंटारिओच्या नंबरप्लेटच्या पाट्या लागल्यावर एक काम उरतं, जे बहुतेकजण विसरतात. न्यू जर्सीत विमा आधी रद्द केला आणि पाट्या परत केल्या नाहीत तर लायसन्सवर कारवाई होऊ शकते. म्हणून जुन्या पाट्या काढून आधी पोस्टाने परत पाठवल्या, त्यांची पावती आल्यावरच तिकडचा विमा बंद केला. पावती फाइलमध्ये आहे, फॉर्म १ च्या मागे.