तीन छेद पाच

महालक्ष्मी रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' हा कलामेळा पहिल्यांदा भरला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. १६ तारखेला तो उघडणार होता आणि मांडणीचा अखेरचा दिवस, म्हणजे १५ तारीख, नेमका भाऊबीजेचा होता. माझा व्यवसाय छायाचित्रांच्या संग्राह्य प्रती छापून त्या चौकटीत बसवून देण्याचा आहे. लालबागला माझे लहानसे वर्कशॉप आहे. दोन्ही मदतनीस बहिणींकडे गेले असल्यामुळे हत्यारांची पेटी घेऊन त्या दिवशी मंडपात मी एकटाच होतो. त्याच दुपारी वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना चालू होता आणि मंडपातला प्रत्येक सुतार, वायरमन आणि रंगारी एक डोळा मोबाइलवर ठेवून काम करत होता.

मी ज्या गॅलरीसाठी काम करत होतो तिच्या भिंतीवर एका तरुण छायाचित्रकर्तीची चार चित्रे लागायची होती. ती मूळची पेणकडची. गेली काही वर्षे रात्रीच्या वेळी मिठागरांची छायाचित्रे काढते आणि पहिल्या प्रदर्शनापासून तिच्या सगळ्या प्रती माझ्याकडेच छापल्या जातात. चित्रे चाळीस बाय साठ इंचांची, कागद शंभर टक्के सुती, ३०८ ग्रॅम वजनाचा, मॅट. त्यातल्या सर्वांत मोठ्या मागणीच्या चित्रात वरचा दोन तृतीयांश भाग निव्वळ काळा आहे आणि तळाशी मिठाच्या वाफ्यांतले पाणी कुठल्याशा दूरच्या दिव्याने जेमतेम उजळले आहे. असा काळा रंग मॅट कागदावर मखमलीसारखा दिसतो खरा, पण तो अतिशय नाजूक असतो. पिग्मेंट शाईचे कण कागदाच्या पृष्ठभागावरच बसलेले असतात. नख लागले तरी पांढरी रेघ उमटते आणि ती पुसता येत नाही.

या चित्राच्या पाचच प्रती काढायच्या, शिवाय कलावंताने स्वतःसाठी ठेवायच्या दोन जादा प्रती, म्हणजे प्रूफ, असे तिने पहिल्याच दिवशी लिहून दिले होते. पहिल्या दोन विकल्या गेल्या होत्या. मेळ्यासाठी आणलेली प्रत तिसरी होती. तिच्या खालच्या पांढऱ्या समासात पेन्सिलीने ३/५, म्हणजे पाचांतली तिसरी, असा आकडा आणि सही होती. एका संग्राहकाने ती नुसत्या ईमेलवर पाहून राखून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते प्रत्यक्ष पाहायला येणार होते.

साडेचारच्या सुमारास, चौकट भिंतीवर चढवण्याआधी, चित्रावरच्या काचेऐवजी लावलेल्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या आत लाकडाची एक बारीक कपची दिसली. अ‍ॅक्रिलिकला स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे सुतारकाम चालू असलेल्या मंडपात ते भुसा ओढून घेते. खरे तर चौकट तिथे उघडूच नये, हे मी स्वतः पोरांना शिकवतो. तरीही मी ती उघडली. मऊ ब्रशने कपची उडवायला गेलो, ती उडण्याऐवजी ब्रशच्या केसांत अडकली आणि काळ्या भागावरून सुमारे चार इंच घासत गेली. मी ब्रश उचलतो न उचलतो तोच सगळ्या मंडपात आरोळी उठली. क्षणभर मला वाटले, लोक माझ्यावरच ओरडत आहेत. विराट कोहलीचे पन्नासावे एकदिवसीय शतक पूर्ण झाले होते.

गॅलरीच्या व्यवस्थापकाने रेघ पाहिली आणि शांतपणे सुचवले की रंगाने भरून टाका, या प्रकाशात कोण पाहणार आहे. सूचना अगदीच वावगी नव्हती. डार्करूमच्या दिवसांत सिल्व्हर जिलेटिन प्रिंटवरचे धुळीचे ठिपके आम्ही बारीक कुंचल्याने भरतच असू. स्पॉटिंग ही त्या कामाची रीतच होती आणि ते न येणारा माणूस प्रिंटर समजला जात नसे. पण तो एखादा ठिपका असे, आणि काम कलावंताच्या समोर होत असे. मी खिशातल्या कागदाच्या तुकड्यावर रंग लावून पाहिला. समोरून तो मिसळला. तिरप्या उजेडात मात्र चमकला. मी नकार दिला आणि छायाचित्रकर्तीला फोन केला.

ती आली तेव्हा तिने आधी मला पाणी विचारले, मग चित्र पाहिले. दोन्ही प्रूफ हाताशी नव्हती. एक परदेशात प्रदर्शनाला गेले होते, दुसरे तिने एका संस्थेला दिले होते. "काका, आजच्या रात्रीत नवीन निघेल?" एवढेच तिने विचारले. निघेल, मी म्हणालो. पण तिच्यावर आकडा कोणता घालायचा? व्यवस्थापकाचे मत पडले की ही चौथी समजावी आणि तिसरी गेली असे धरावे. मला ते पटेना. तसे केले तर जगात पाचाऐवजी चारच चांगल्या प्रती राहिल्या असत्या, आणि ओरखडा पडलेली तिसरी कुठल्या तरी पेटीत सहीनिशी पडून राहिली असती. पुढेमागे ती बाजारात येणार नाही याची हमी कोण देणार? तिने थोडा विचार करून सांगितले की नव्या प्रतीवर ३/५ हाच आकडा राहील, जुनी तिच्यादेखत नष्ट होईल आणि हे सारे गॅलरीच्या पत्रावर लिहून संग्राहकाला दिले जाईल.

इथे थोडे विषयांतर करतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, तरी "फोटोच आहे ना, कितीही काढता येतील" हा प्रश्न प्रत्येक मेळ्यात, प्रत्येक दिवशी ऐकू येतो. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचे 'ऱ्हाइन २' हे छायाचित्र २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेले, आणि ती सहा प्रतींतली एक होती, असे सांगितले की लोक गप्प होतात. पण ते गप्प होणे किमतीपुढचे असते. आपल्याकडच्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी तर छायाचित्र भिंतीवरून उतरवून पुस्तकाला आणि हलवता येणाऱ्या लाकडी मांडणीलाच कलावस्तू केले, आणि २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. कितीही काढता येतात, हे खरेच आहे. न काढण्याचे वचन पाळणे एवढाच या धंद्याचा आधार आहे, आणि ते वचन बहुतेक वेळा माझ्यासारख्या माणसाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून असते.

आम्ही लालबागला पोहोचलो तेव्हा शमी न्यूझीलंडचे फलंदाज एकेक करून बाद करत होता आणि गल्लीत फटाके वाजत होते. हवेतली आर्द्रता खाली येईपर्यंत तासभर ओल शोषणारे यंत्र चालवले, मग छपाईच्या यंत्रावर कागदाचा रोल चढवला, जुन्याच फाइलने प्रत सोडली. साठ इंच छापायला पाऊण तास लागला. पण ओल्या प्रतीवर निर्णय घेता येत नाही. शाई वाळताना काळा रंग बदलत जातो. प्रतीवर साधे कोरे कागद ठेवून ते दर अर्ध्या तासाने बदलत राहिलो, कारण ओल राहून गेली तर चौकटीत बंद केल्यावर अ‍ॅक्रिलिकवर आतून धुके धरते. पहाटे तीनला दोन्ही प्रती दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. नवीन कशी उतरली ते जोखायला आमच्याकडे दुसरे माप नव्हते. बिघडलेलीच प्रमाण धरायची होती. नव्या प्रतीत पाण्याचा उजेड केसभर थंड होता. कागदाचा रोल वेगळ्या लॉटचा होता, एवढेच कारण मला सुचले. फाइलमध्ये अगदी किंचित ऊब घालून मी दुसरी काढली, पहिली तिच्यासमोरच फाडली, आणि पुन्हा वाट पाहत बसलो.

सकाळी आठला तिने होकार दिला, पेन्सिलीने आकडा घातला, सही केली. मग ओरखड्याची प्रत टेबलावर घेतली. मी माउंट कापण्याची पट्टी आणि सुरी तिच्या हातात दिली. तिने ती परत माझ्याकडे दिली. एवढ्या मोठ्या सुती कागदावर सुरी चालवताना आवाज होतो, कापड फाडल्यासारखा. मी आडवे कापत गेलो. सहीचा समास तेवढा तिने वेगळा ठेवला, त्यावर तारीख घातली आणि गॅलरीच्या फाइलसाठी पाकिटात टाकला.

दुपारी चित्र वेळेवर लागले. संग्राहक आले, पत्र वाचले, मान डोलावली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. चित्र विकले गेल्याची खूण म्हणून लाल ठिपका लागला. छपाईचे पैसे मी अर्थातच घेतले नाहीत.

माझ्याकडे एक नोंदवही आहे; वर्कशॉपमधून बाहेर पडणारी प्रत्येक क्रमांकित प्रत तीत लिहिलेली असते. त्या संध्याकाळी मी जुन्या ३/५ वर लाल रेघ मारली, कारण लिहिले, आणि खाली पुन्हा ३/५ लिहिले. एकच आकडा त्या वहीत दोनदा लिहिण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती. आठवड्याने ती कागदाची चौकशी करायला आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली; तिने दोन्ही ओळींपुढे सही केली.