निबंधाआधीचा आराखडा आणि कुतुझोव्हची कोंबडी

इंग्लंडातल्या आमच्या विभागाचा एक नियम आहे: निबंधाचा एकपानी आराखडा आधी मान्य करून घ्यायचा आणि त्यात कुणाला तरी वाद घालता येईल असे एक विधान असलेच पाहिजे. मला हा नियम जाचक वाटला आणि थोडा अजूनही वाटतो. प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार या वाटेनेच आपल्याकडच्या कित्येक पिढ्या एम. ए. झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळांनी कादंबऱ्या अथपासून इतिपर्यंत वाचल्या होत्या. इथे नेमलेल्या प्रकरणांवर भागवणारे मी रोज पाहतो.

विषय होता टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मधील विजय आणि नियती. माझ्या आराखड्याखाली बाईंनी एकच प्रश्न लिहिला: सारेच अटळ असेल, तर टॉल्स्टॉय रशियन सेनापती कुतुझोव्हचे कौतुक कशासाठी करतो?

प्रश्न बोचरा आहे, पण त्याला तोड नाही. नेपोलियनविरुद्धच्या बोरोदिनोच्या लढाईत, म्हणजे ७ सप्टेंबर १८१२ रोजी, हा म्हातारा सेनापती दिवसभर इतरांच्या सूचनांना होकार किंवा नकार देण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तो भाजलेली कोंबडी कष्टाने चावत असताना रशियन सैन्यातला जर्मन अधिकारी वोल्झोगेन येऊन लढाई हरल्याचे सांगतो, तेव्हा मात्र तो संतापून उठतो आणि उद्या आपणच चढाई करणार असे बजावतो. ती चढाई पुढे होत नाही. परंतु तिची वार्ता थकलेल्या सैनिकांना धीर देऊन जाते. सैन्याचे मनोधैर्य एवढेच सेनापतीच्या हाती असते, हे माझे विधान तिथून निघाले.

विजयाच्या मुद्द्यासाठी मी मॉस्कोजवळच्या पोक्लोनाया टेकडीचा प्रसंग निवडला. भाषण मनात जुळवून नेपोलियन मॉस्कोच्या सरदारांची वाट पाहतो, आणि शरण यायला शहरात कुणी उरलेलेच नसते. पानिपत जिंकूनही काही महिन्यांत माघारी गेलेला अब्दाली ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. बाईंनी अब्दालीला विषयाबाहेरचा म्हणून काट मारली; माझ्या मते तो विषयाच्या गाभ्यातच होता.

कादंबरीच्या उपसंहारातील तत्त्वचर्चेला मी एकच परिच्छेद दिला आहे. तिथे टॉल्स्टॉय स्वतःच्याच पात्रांचे ऐकत नाही, असे त्यात लिहिले आहे, आणि त्यावर बाई भांडणार हे नक्की.