स्टोरेजचा ड्रायव्हर टाकला आणि नेटवर्क गायब

डिस्क दिसायला लागल्या, मल्टिपाथने (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर) सगळे पाथ अ‍ॅक्टिव्ह दाखवले, आणि लिनक्सचा सर्व्हर मात्र पिंगला उत्तर देईना. स्टोरेजवाले म्हणाले लन, म्हणजे स्टोरेजवरून दिलेल्या डिस्क, दिसतायत ना, मग आमचं काम झालं. नेटवर्कवाले म्हणाले स्विचचा पोर्ट अप आहे, आमच्या बाजूने काही नाही. दोघंही खरं बोलत होते, हीच तर गंमत आहे असल्या प्रॉब्लेमची.

मशीनमध्ये एक कन्व्हर्ज्ड कार्ड होतं, म्हणजे एकाच चिपवर इथरनेट पण आणि आयस्कझी ऑफलोड पण, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायचं काम कार्डच करणार. सॅनला, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कला, जोडायचं म्हणून व्हेंडरचं स्टोरेज ड्रायव्हर पॅकेज टाकलं होतं. इन्स्टॉल झालं तेव्हा काहीच बिघडलं नाही, एसएसएच सेशन मस्त चालू, आणि रीबूट केल्यावर सगळं शांत. आता नेटवर्कच नाही म्हटल्यावर आत जाणार कसं, तर आयपीएमआयच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्वतंत्र मॅनेजमेंट चिपच्या, सिरियल कन्सोलवरून. असलं काम हातात घ्यायच्या आधी कन्सोलचा पासवर्ड चालतोय का ते बघून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको.

लोक इथे पहिल्यांदा काय करतात तर नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट करतात, मग आयपीची फाइल उघडून बघतात, मग केबल काढून घालतात. मला ते पटत नाही. खालून वर यायचं. कार्ड पीसीआयवर, म्हणजे कार्डं जिथे जोडतात त्या बसवर, दिसतंय का, त्याला ड्रायव्हर चिकटलाय का, इंटरफेसचं नाव तेच आहे का, लिंक आहे का, आणि मग कुठे आयपी. सर्व्हिस रीस्टार्ट करून जे इंटरफेस अस्तित्वातच नाही ते कुठून उगवणार?

तर आयपी लिंक ही कमांड मारली, त्यात लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलायचं इंटरफेस) आणि मदरबोर्डवरचं जुनं १ गिगचं पोर्ट, बस. १० गिगवाले दोन्ही पोर्ट नाहीतच. मग एलएसपीसीआय ही पीसीआय डिव्हाइसची यादी देणारी कमांड, के स्विच लावून, कारण त्याने प्रत्येक डिव्हाइसखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते छापून येतं. इथे चित्र स्पष्ट झालं. कार्डची चारही फंक्शन्स, म्हणजे कर्नलला वेगवेगळी डिव्हाइस म्हणून दिसणारे त्याचे भाग, दिसत होती, आयस्कझीच्या दोन फंक्शन्सखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ होती आणि इथरनेटच्या दोन फंक्शन्सखाली ती ओळच नव्हती, फक्त 'कर्नल मॉड्यूल्स' एवढंच. म्हणजे कर्नलला माहितीये कुठलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, लागणार, पण ते बसलेलं नाही. कार्ड मेलेलं नाही हे इथेच कळलं, त्यामुळे नवीन कार्ड मागवायची जी चर्चा चालू झाली होती ती तिथेच थांबवली.

हाताने मॉडप्रोब केलं, म्हणजे मॉड्यूल लोड करायला सांगितलं, तर इनव्हॅलिड आर्ग्युमेंट असं काहीतरी मोघम. खरी गोष्ट डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' आणि त्याच्या खाली 'अननोन सिम्बॉल', अशा जोड्यांची रांगच लागलेली.

आता हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अशा कार्डचा ड्रायव्हर एक फाइल नसते. खाली एक कोअर मॉड्यूल असतं जे चिपशी बोलतं, आणि त्याच्यावर इथरनेटचं वेगळं, आयस्कझीचं वेगळं, एफसीओईचं (इथरनेटवरून फायबर चॅनल) वेगळं अशी मॉड्यूल्स बसतात. पॅकेजवर नाव होतं स्टोरेज ड्रायव्हर, पण आत त्याने स्वतःचं नवीन कोअर पण आणलं होतं आणि ते लिब मॉड्यूल्समधल्या अपडेट्स फोल्डरमध्ये टाकलं होतं. कुठलं मॉड्यूल कुठून घ्यायचं याची यादी बनवणारं डेपमॉड सर्वसाधारणपणे अपडेट्स फोल्डर आधी बघतं आणि कर्नलसोबत आलेलं नंतर, त्यामुळे कोअर नवीन उचललं गेलं, आयस्कझीचं मॉड्यूल पण त्याच्याच जोडीचं नवीन, आणि इथरनेटचं मात्र कर्नलसोबतचं जुनं. डिस्ट्रोचे कर्नल बहुतेक वेळा मॉडव्हर्जन्स चालू ठेवून बनवलेले असतात, म्हणजे कोअरने बाहेर दिलेल्या प्रत्येक फंक्शनला एक सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो. जुन्या इथरनेट मॉड्यूलकडे जुना सीआरसी, कोअरकडे नवीन, जुळत नाही, कर्नल म्हणतो बाहेर थांब.

आणि कर्नल बरोबरच करतो. स्ट्रक्चरमधली एखादी फील्ड जरी सरकली असेल तरी जुनं मॉड्यूल भलत्याच जागी लिहायला लागेल. मॉडप्रोबला फोर्स लावा असा सल्ला देणारे भेटतील, प्रॉडक्शनवर तर तो अजिबात ऐकू नका, नेटवर्क नसलेला सर्व्हर परवडला पण डेटा खराब करणारा नको.

पुरावा हवा तर मॉडइन्फो दोन्ही मॉड्यूल्सवर मारायचं आणि फाइलनेमची ओळ बघायची. एकाचा पाथ अपडेट्समधला, दुसऱ्याचा कर्नल, ड्रायव्हर्स, नेट, इथरनेट असा. सगळा घोळ त्या दोन ओळींत दिसतो. व्हेंडरला तिकीट टाकताना त्याच दोन ओळी पेस्ट करा, म्हणजे फर्मवेअर अपडेट करून बघा हे पेटंट उत्तर तरी टळेल.

रीबूटपर्यंत का कळलं नाही, तर चालू कर्नलच्या मेमरीत जुनंच कोअर बसलेलं होतं, डिस्कवर काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि अजून एक भानगड, जिथे बरेच जण गोल गोल फिरतात. पॅकेजच्या पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टम) पण नवीन बनवला होता, कारण सॅनवरून बूट करायचं असेल तर ड्रायव्हर तिथे लागतो. म्हणजे अपडेट्समधली फाइल तुम्ही उडवली, डेपमॉड चालवलं, रीबूट केलं, तरी बूटच्या सुरुवातीला इनिटरॅमएफएसमधलं नवीन कोअर आधीच लोड होऊन बसतं आणि एरर तीच. एलएसइनिटआरडीने आत डोकावून बघायचं आणि ड्रॅकट या कमांडला फोर्स लावून तो परत बनवायचा, डेबियनच्या घरातलं असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस.

उपाय दोनच. एक तर व्हेंडरचा अख्खा संच टाका, कोअर, इथरनेट, आयस्कझी सगळं एकाच व्हर्जनचं, नाहीतर पॅकेज काढून टाका. आम्ही काढून टाकलं, कारण कर्नलसोबतच्या ड्रायव्हरनेच लन व्यवस्थित दिसत होते. माझं मत विचाराल तर स्टोरेज अ‍ॅरेच्या सपोर्ट मॅट्रिक्समध्ये ठराविक व्हर्जन सक्तीचं लिहिलं नसेल तर बाहेरचा ड्रायव्हर टाकूच नये, नवीन आहे म्हणून चांगला असं काही नसतं. आणि सक्तीचं असेल तर पुढचा कर्नल अपडेट आला की हेच सगळं परत तपासायचं, डीकेएमएस (नवीन कर्नलसाठी मॉड्यूल्स आपोआप परत बनवणारं) असलं तरी, कारण डीकेएमएस फक्त त्याला सांगितलेलीच मॉड्यूल्स बनवतं.

दरवेळी कारण हेच असतं असं मात्र नाही. एचबीए कार्ड, म्हणजे स्टोरेजला जोडणारं, नवीन घातलं असेल तर ड्रायव्हर बिचारा उगाच बदनाम होतो. सिस्टमडीने (लिनक्सच्या सर्व्हिसेस चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरने) २०१३ मध्ये १९७ व्हर्जनपासून इंटरफेसची जी नावं आणली त्यातली ईएनपी३एस० सारखी नावं पीसीआय बसच्या नंबरवरून येतात, मध्ये एक कार्ड आलं की पुढचे नंबर सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. कॉन्फिग जुन्या नावावर, इंटरफेस नवीन नावाने, लिंक अप आणि आयपी नाही. पूर्वी ईथ० आणि ईथ१ ची अदलाबदल व्हायची, त्याचाच हा चुलतभाऊ. सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवरून नाव पक्कं करून टाका, पण मॅक घेताना ईथटूलचा कॅपिटल पी स्विच वापरून पर्मनंट मॅक घ्या, कारण बाँडिंग, म्हणजे अनेक पोर्ट मिळून एक, असेल तर आयपी लिंकमध्ये वर वर सगळे स्लेव्ह एकच मॅक दाखवतात.

सोलारिसवर काम करणाऱ्यांसाठी, तिथे बघायच्या जागा पाथ टू इन्स्ट आणि ड्रायव्हर अलायसेस या एटसीमधल्या फाइली. पीआरटीकॉन्फला कॅपिटल डी लावलं की कुठल्या डिव्हाइसला कुठला ड्रायव्हर चिकटलाय ते दिसतं, आणि डीएलअ‍ॅडएमचं शो-फिज.

मग तो तिसरा प्रकार, नेटवर्क आहे पण धड नाही. पिंग छान, एसएसएच कनेक्ट होतं आणि की एक्स्चेंजला अडकून बसतं. हे दिसलं की माझा पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल साइझवर. आयस्कझीसाठी कोणीतरी ९००० करून ठेवलेलं असतं आणि मध्ये एखादा स्विच १५०० वरच असतो, छोटी पॅकेट जातात आणि मोठी कुठेतरी गळतात. पिंगला फ्रॅगमेंट करू नको सांगून साइझ ८९७२ द्या, म्हणजे ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा, गेलं नाही तर १४७२ ने बघा. एफसीओई असेल तर अजून एक, ज्या कार्डाच्या फर्मवेअरमध्ये डीसीबीएक्स (स्विचशी इथरनेटची सेटिंग्ज जुळवायचा प्रोटोकॉल) आधीच आहे त्या पोर्टवर एलएलडीपीएडी या सर्व्हिसने पण डीसीबीएक्स बोलू नये, आणि त्या पोर्टच्या एफसीओई कॉन्फिगमध्ये डीसीबी रिक्वायर्ड नो करावं लागतं.

हल्ली असलं पॅकेज हातात आलं की इन्स्टॉल करायच्या आधी मी आरपीएम या पॅकेज कमांडला फक्त क्यूपीएल लावून फाइलींची यादी बघतो, आणि क्यूपीसोबत स्क्रिप्ट्स लावून पोस्ट-इन्स्टॉल वाचतो. यादीत कोअर मॉड्यूल आहे आणि इथरनेटचं नाही असं दिसलं तर इन्स्टॉल तिथेच थांबवून अख्खा संच मागतो. संच आला की चालू इनिटरॅमएफएसची कॉपी दुसऱ्या नावाने बूटमध्ये ठेवतो, ग्रब या बूटलोडरमध्ये तिची एक वेगळी एंट्री करतो, आणि मगच टाकतो.