ऐकणाऱ्याचा रियाज : नोंद सातवी

मागील सहा नोंदी माझ्या स्वतःच्या गाण्याविषयी होत्या. ही नोंद दुसऱ्याचे गाणे ऐकून झाल्यावर मी जे बोलतो त्याविषयी आहे, कारण गेल्या तीन महिन्यांत माझ्या गळ्यात फारसा फरक पडलेला नसला तरी जिभेत थोडा पडला आहे.

आमच्या नऊ हौशी गाणाऱ्यांच्या गटाची बैठक दर पंधरा दिवसांनी होते. मला सुरांची जाण बरी आहे असा समज असल्यामुळे गाणे संपले की सगळे माझ्याकडे पाहतात, आणि तो मान मिळाल्यापासून मी तो जरा जास्तच बजावू लागलो होतो. अशाच एका बैठकीत एका काकूंनी भावगीत म्हटले, अंतऱ्यात त्यांचा आवाज फाटला आणि मी सहज बोलून गेलो, "काकू, हे गाणं तुमच्या गळ्याचं नाही." पुढील दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीला आल्या, पण "मी आज फक्त ऐकते" असे म्हणून मागे बसल्या.

बैठकीचे ध्वनिमुद्रण माझ्याकडेच असते. त्या रात्री मी जुनी मुद्रणे काढली आणि गाणी सोडून स्वतःचे शेरे तेवढे ऐकले. एका बैठकीत मी चौदा शेरे मारले होते. त्यांपैकी अकरा चुका दाखवणारे होते आणि दोन नुसते "छान" होते. कामाचा म्हणावा असा शेरा एकच होता : "दुसऱ्या ओळीत शब्दाच्या मध्ये श्वास घेतलात, तो शब्दाआधी घ्या." तो ज्यांना उद्देशून होता त्यांनी ती ओळ लगेच पुन्हा म्हटली आणि ती नीट आली. "सूर लागत नाही" आणि "छान" हे दोन्ही शेरे ऐकल्यावर गाणाऱ्याने पुढे नेमके काय करायचे, हे त्याला मुळीच कळत नाही. त्या दृष्टीने मला ते सारखेच निकामी वाटू लागले आहेत.

मग काकूंचे गाणे ट्यूनर (स्वर किती चढा-उतरा आहे ते दाखवणारे साधन) लावून ऐकले. एका अर्धस्वराचे, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराचे, शंभर सेंट धरले जातात. मुखड्यात त्या बहुतेक ठिकाणी नेमक्या स्वरापासून वीस सेंटच्या आत होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा चांगल्या. गडबड फक्त अंतऱ्यातील तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातील 'ग'वर होती. मूळ गायिकेच्या पट्टीतला, काळी पाचचा (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरलेला) कराओके ट्रॅक त्यांनी लावला होता आणि त्या पट्टीत तार गंधार सुमारे ५८७ हर्ट्झवर (सेकंदाला तितकी कंपने; आकडा मोठा तितका स्वर उंच) येतो. तेच गाणे तीन अर्धस्वर उतरवून पांढरी पाचमध्ये घेतले की तो सुमारे ४९४ वर येतो. शिवाय ट्रॅक मोठ्याने वाजत होता. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते. आधीच उंच असलेल्या स्वरावर आणखी जोर लागला तर आवाज फाटणारच. थोडक्यात, दोष पट्टीचा आणि स्पीकरचा होता, आणि मी तो काकूंच्या गळ्यावर ढकलून मोकळा झालो होतो.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांचा २००७ मधील एक अभ्यास या निमित्ताने पुन्हा वाचला. प्रयोग करणाऱ्याने सार्वजनिक उद्यानातील लोकांना सांगितले, की आज माझा वाढदिवस आहे आणि शंभर जणांकडून एका गाण्याचे धृपद म्हणवून घेण्याची मित्रांशी पैज लागली आहे. अनोळखी माणसे गायली! त्यांपैकी बहुतेकांचे सूर बऱ्यापैकी जागेवर होते, आणि काही जणांना पुढे तेच गाणे संथ लयीत म्हणायला लावल्यावर बहुतेकांच्या चुका आणखी कमी झाल्या. स्वरांतील फरक ज्यांना जन्मतःच ओळखता येत नाही अशी माणसे असतात, पण ती शेकड्यात दोनचार. बाकीच्यांना आपण "कानच नाही" म्हणतो तेव्हा अडचण बहुधा ऐकू आलेला स्वर गळ्यातून काढण्याची असते, आणि ती सरावाने कमी होते.

गटातील एकाने याच्या उलट धोक्याची आठवण करून दिली, ती मला पटली. बेसूर गाण्यासाठीच प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या अमेरिकन बाईंनी वर्षानुवर्षे निवडक मंडळींपुढे गाऊन टाळ्या घेतल्या. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जाहीरपणे गायल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची जी टर उडवली, तिच्यानंतर महिन्याभरात त्या वारल्या. त्यांच्या भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवण्यात कसूर केली नव्हती.

त्यामुळे आता आम्ही गाणे संपल्यावर आधी गाणाऱ्यालाच विचारतो, की कोणती जागा मनासारखी आली आणि कुठे अडले. माणसाला आपले अडलेले ठिकाण बहुतेक वेळा अचूक माहीत असते. त्यानंतर ऐकणाऱ्यांपैकी एकानेच बोलायचे, एकाच जागेविषयी, आणि ती जागा स्वतः गाऊन दाखवून. या शेवटच्या अटीमुळे माझे शेरे आपोआप निम्म्यावर आले. ट्रॅकच्या आवाजाची खूणही स्पीकरवर करून ठेवली आहे. ज्यांचे गाणे प्रथमच मुद्रित होते त्यांना ते ऐकवण्याआधी एवढे सांगतो, की स्वतःचा आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून मुद्रणातला आवाज परका आणि पातळ वाटेल.

काकूंना मी फोन करून माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं आता वय झालं." परवाच्या बैठकीत त्यांनी तेच गाणे पांढरी पाचमध्ये, तानपुऱ्यावर, ट्रॅकशिवाय म्हटले. तार गंधार फाटला नाही, तो अजून साधारण तीस सेंट उतरलेला होता, आणि काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "गंधार खाली राहिला ना?" मी तो गाऊन दाखवायला गेलो, तर माझाही खालीच लागला. पुढच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून ती एवढीच ओळ घ्यायची, संथ लयीत, असे ठरले आहे.