जीव्हज लॉर्ड एम्सवर्थकडे कामाला असता तर

परवा भाची आली होती, तिला दिवाळीत वुडहाऊस या इंग्रज विनोदी लेखकाची चार-पाच पुस्तकं दिलेली ती परत करायला. चहा पिता पिता म्हणाली, "मामा, हा जीव्हज खरं तर त्या लॉर्ड एम्सवर्थकडे असायला हवा होता. बर्टीचं काय, तरुण आहे, पैसेवाला आहे, कसंही निभावेल. त्या म्हाताऱ्याला सगळे मिळून किती छळतात." मी पटकन हो म्हणून गेलो. ती गेली आणि मग चार दिवस ते डोक्यातून जाईना, लोकलमध्ये उभा असताना तेच, भाजी निवडताना तेच, आणि आता माझं मत पार उलटं झालंय. नाही, अजिबात नको होता तिथे. का नको ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून हे लिहितोय.

पुलंना वुडहाऊस किती प्रिय होता हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे हुशार नोकर जीव्हज आणि त्याचा तरुण साहेब बर्टी वूस्टर ही नावं कानावरून गेलेली असतात. एम्सवर्थ त्यामानाने कमी. तो नववा अर्ल, म्हणजे इंग्रज सरदार, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या ब्लँडिंग्ज कॅसलचा मालक, विधुर, विसराळू, आणि जगात त्याचं खरं प्रेम त्याच्या डुकरिणीवर. एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज, काळी बर्कशायर जातीची, श्रॉपशायरच्या कृषी प्रदर्शनात लठ्ठ डुकरांच्या गटात मेडल मिळवणारी. गंमत म्हणजे जीव्हज आणि एम्सवर्थ दोघंही १९१५ साली जन्मले. एम्सवर्थ आला अख्खी कादंबरी घेऊन आणि जीव्हज आला एका गोष्टीत जेमतेम दोन वाक्यं बोलायला. नाव घेतलं होतं पर्सी जीव्हज नावाच्या क्रिकेटरचं, वॉरिकशायरचा बोलर, वुडहाऊसने त्याला १९१३ मध्ये चेल्टनमला खेळताना पाहिलेलं. तो बिचारा १९१६ च्या जुलैत, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत गेला. आणि हा कागदावरचा जीव्हज पुढे जवळजवळ साठ वर्षं चालला, पण ब्लँडिंग्जच्या पायऱ्या काही कधी चढला नाही. वुडहाऊसला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. त्याने मुद्दामच चढू दिलं नसणार.

आधी एक गोष्ट, कारण यात नेहमी घोळ होतो. जीव्हज बटलर नाही, व्हॅले आहे. बटलर म्हणजे घराचा कारभारी, नोकरचाकर, वाईन, चांदीची भांडी सगळं त्याच्या हाताखाली. व्हॅले एका माणसाचा असतो. त्याचे कपडे, त्याचा सकाळचा चहा, त्याचं सामान, त्याचा मूड. मराठीत गडी म्हटलं की शेत नाहीतर भांडी डोळ्यापुढे येतात, नोकर फारच मोघम, मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जुना हुजऱ्या, सतत हुजुरात असणारा. ब्लँडिंग्जला बीच नावाचा बटलर आहेच आणि तो फार लोभस माणूस आहे. म्हणजे जीव्हज आला असता तर तो फक्त एम्सवर्थचा हुजऱ्या म्हणून, थेट त्या म्हाताऱ्याच्या बेडरूममध्ये.

आणि तिथेच पहिली ठिणगी. जीव्हज कपड्यांच्या बाबतीत किती कडक आहे आठवा. बर्टीचे जांभळे मोजे, पितळी बटणांचं पांढरं मेस जॅकेट, काही म्हणता काही त्याने टिकू दिलं नाही, जॅकेटवर तर गरम इस्त्री ठेवली. आता एम्सवर्थ बघा, जुनं शूटिंगचं जॅकेट, कोपराला भोक, डोक्यावर कसलीतरी हॅट, आणि या अवतारात तो सुखात असतो. बरं, मी हे मनाने सांगत नाहीये. बर्टीकडे यायच्या आधी जीव्हज लॉर्ड वर्पल्सडनकडे होता आणि ती नोकरी त्याने का सोडली, तर साहेब ड्रेस ट्राउझर्सवर फ्लॅनेलचा शर्ट आणि शूटिंग कोट घालून जेवायला बसायचे. त्या हिशोबाने एम्सवर्थकडे एक रात्रसुद्धा निघाली नसती, सकाळच्या गाडीने परत लंडन.

पण समजा राहिला. समजा त्याने मनावर दगड ठेवला. मी मनात बघत होतो, सकाळी साडेसात वाजलेत, एम्सवर्थ चिखलाचे बूट घालून एम्प्रेसच्या कुंपणावर रेलून उभा आहे, ती खातेय त्याचा आवाज ऐकतोय, आणि मागून आवाज न करता जीव्हज येऊन उभा राहतो, हातावर घडी घातलेला कोरडा कोट. तो काहीच चुकीचं करत नाहीये. बरोबर तेच सांगतोय, लॉर्डशिप, दव पडलंय, ब्रेकफास्टला पाहुणे आहेत, आपल्या भगिनी लेडी कॉन्स्टन्स वाट बघतायत. आणि एम्सवर्थ मान खाली घालून निघतो. हे चित्र मला इतकं नकोसं झालं काय सांगू. कारण असा माणूस ब्लँडिंग्जला आधीच होऊन गेलाय. रूपर्ट बॅक्स्टर, त्याचा सेक्रेटरी, कार्यक्षम बॅक्स्टर. पत्रं वेळेवर, कागद जागेवर, सगळं बरोब्बर, आणि एम्सवर्थचा जीव त्याच्या हाताखाली गुदमरायचा. शेवटी एका पहाटे पिवळ्या पायजम्यातल्या बॅक्स्टरने लॉर्डसाहेबांच्या खिडकीतून फुलांच्या कुंड्या आत फेकल्या आणि नोकरी गेली. जीव्हज त्याच्यापेक्षा हजारपट गोड आणि हुशार आहे मान्य, कुंड्या तर कधीच फेकणार नाही, पण म्हणूनच तो कधी घालवताही आला नसता. बर्टीला कोणीतरी वाचवणारं लागतं. एम्सवर्थला फक्त एकटं सोडायला लागतं. या दोन भुका वेगळ्या आहेत, भाचीचं आणि आधी माझंही इथेच चुकलं.

आणि मग मला ती ग्लॅडिसची गोष्ट आठवली, १९२८ ची, आणि माझ्यापुरता विषय तिथेच संपला. वाचली नसेल तर वाचाच. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला कॅसलच्या पार्कमध्ये गावजत्रा भरते, बहीण कॉन्स्टन्सने म्हाताऱ्याला कडक कॉलर आणि टॉप हॅट घालायला लावलीये, वर भाषण करायचंय. त्यात हेड माळी मॅकअॅलिस्टर त्याच्या लाडक्या शेवाळी वाटेवर खडी टाकायला निघालाय आणि एम्सवर्थची त्याला नाही म्हणायची छाती नाही. आपल्याच घरात, आपल्याच माळ्याला. तिथे लंडनहून आलेली एक गरीब छोटी मुलगी भेटते, ग्लॅडिस, धाकट्या भावाला सांभाळणारी. तिला फुलं हवी असतात. एम्सवर्थ म्हणतो घे. आणि बागेतून मॅकअॅलिस्टर भडकून धावत येतो. पोरगी घाबरून एम्सवर्थच्या मागे लपते आणि तिचा छोटासा गरम हात त्याच्या हातात सरकवते. बस. त्या हातामुळे हा माणूस, जो आयुष्यभर सगळ्यांना घाबरला, माळ्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहतो. फुलं तिची, शेवाळ तसंच राहणार, पटत नसेल तर चालू लाग. मग बहिणीलाही तेच, भाषणबिषण काही नाही. मी ही गोष्ट वीसेक वेळा तरी वाचली असेल आणि त्या हाताच्या वाक्याशी अजून घशात काहीतरी येतं.

आता इथे जीव्हज ठेवून बघा. मॅकअॅलिस्टरचं काहीतरी जुनं गुपित त्याने कुठूनतरी काढलं असतं, कॉन्स्टन्सला दुसरीकडे गुंतवलं असतं, खडीचा विषय आदल्या संध्याकाळीच मिटला असता. सगळं छान. आणि एम्सवर्थ त्या दुपारी जसा भित्रा होता तसाच भित्रा राहिला असता, ग्लॅडिसच्या हाताला धरायला कोणी नसतं.

मग म्हटलं दुसरा कोणी? मला चार्ल्स पूटर आठवला, वुडहाऊसचा नाही, त्याच्या आधीचा, १८९२ च्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी पुस्तकातला लंडनचा क्लार्क, हॉलोवेला भाड्याच्या घरात राहणारा. त्याला सभ्य गृहस्थ असण्याची इतकी मनापासून हौस आहे की जीव्हज आला असता तर हाच पहिला उठून उभा राहिला असता. लाल एनॅमल पेंट आणून घरातलं मिळेल ते रंगवतो, बाथटबसुद्धा, मग गरम पाण्यात रंग सुटतो आणि रक्तवाहिनी फुटली समजून हा हादरतो. जीव्हजने तो डबा दुसऱ्या दिवशीच गायब केला असता. पण पूटरला शेवटी जे मिळतं ते त्याच्या स्वतःच्या प्रामाणिकपणामुळे मिळतं, ऑफिसचा मालक त्याचं राहतं घर विकत घेऊन त्याला देतो. तिथे तिसऱ्या माणसाची अक्कल मध्ये आली असती तर त्या घराची किंमतच गेली असती. म्हणजे पूटरही बाद.

आणि हा प्रयोग वुडहाऊसने स्वतः करून बघितलाय हे विसरून कसं चालेल. एकदा बर्टीच्या बँजोलेले नावाच्या वाद्याला वैतागून जीव्हज नोकरी सोडतो आणि बर्टीच्याच चफी नावाच्या मित्राकडे जातो, पण तिथे बर्टी आसपासच असतो, सांगणारा तोच. खरा प्रयोग १९५३ चा, 'रिंग फॉर जीव्हज'. त्यात बर्टी येतच नाही, अशी ती एकच जीव्हज कादंबरी. जीव्हज बिल नावाच्या एका कफल्लक अर्लकडे आहे, दोघं वेषांतर करून रेसकोर्सवर बुकी आणि त्याचा कारकून बनतात आणि हरल्यावर पैसे द्यायला नाहीत म्हणून पळ काढतात. प्लॉट फक्कड आहे, आणि तरी मला ते पुस्तक वाचताना कायम घरातलं कोणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं. जीव्हज तोच, तेच आवाज न करता येणं, तेच कवितेच्या ओळी सुनावणं. पण आत आला हे आता लेखक सांगतोय. बर्टी सांगतो तेव्हा त्यात त्याचं थक्क होणं असतं, दरवेळी नव्याने, जसं लहान मुलाला रोज बाबा ऑफिसातून आले की होतं. आपण ज्या जीव्हजवर प्रेम करतो तो बर्टीच्या डोळ्यातला आहे. खात्री करायची असेल तर १९२२ ची ती एक गोष्ट वाचा जी जीव्हज स्वतः सांगतो. त्यात बर्टीला बहिणीच्या मुली घरी राहायला आणाव्याशा वाटतात, आणि हा थंड डोक्याने तो बेत मोडून काढतो, कारण त्याला घरात दोघंच हवेत. तिथे जीव्हज मला पहिल्यांदा थोडा भीतीदायक वाटला होता. हाच माणूस एम्सवर्थच्या कुंपणापाशी सोडायचा? नको.

भाचीला फोन करून एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग त्या १९५३ वाल्या पुस्तकात बर्टी असतो कुठे?" तर तो असतो एका शाळेत. दिवस बदललेत, लढाईनंतरचं इंग्लंड, पैसे संपत चाललेत, म्हणून बड्या घरच्या लोकांना स्वतःचं स्वतः करायला शिकवणारी शाळा, आणि नोकराला तिथे प्रवेश नाही म्हणून जीव्हज तात्पुरता बिलकडे. बर्टीला तिथे मोजे रफू करण्यात बक्षीससुद्धा मिळतं. मग कळतं की रात्री चोरून एका म्हातारीला खोलीत आणून तिच्याकडून करून घेतले होते, आणि शाळेतून काढून टाकतात. बातमी कळते आणि जीव्हज बिलचा निरोप घेऊन बर्टीकडे परत जायला निघतो.