डंडीच्या धक्क्यावर, कॅप्टन स्कॉटच्या केबिनपाशी

एडिनबर्गहून निघालेली गाडी टे नदीच्या पुलावर आली आणि लेक म्हणाली, "आई, खाली बघ." पुलाला लागून पाण्यातून खांबांचे बुंधे एका ओळीत वर आले होते. 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वादळात जुना पूल कोसळला, धावत्या आगगाडीसकट. हे बुंधे त्याचेच. ते मागे पडले तरी मी मान वळवून बघत राहिले. तेवढ्यात डंडी स्टेशन आलं.

स्टेशनाबाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर तीन डोलकाठ्या दिसतात. ते 'डिस्कव्हरी', कॅप्टन स्कॉटने दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात नेलेलं जहाज. मी आले होते ते त्याच्याचसाठी.

माझे वडील गोदीत फिटर होते. जहाज बघायचं ते खालून वर, असं त्यांनी शिकवलं होतं, म्हणून मी आधी लाकूड पाहिलं. काही ठिकाणी जहाजाची भिंत 26 इंच जाड आहे. बाजूला एकही खिडकी नाही, कारण बर्फाचा दाब यायचा तो नेमका तिथल्या भोकावर. पुढच्या टोकाचा, नाळेकडचा भाग तिरका ठेवलाय, जहाजाने बर्फावर चढावं आणि आपल्या वजनाने तो फोडावा म्हणून. सुकाणू आणि जहाज पुढे ढकलणारा पंखा दोन्ही वर ओढून घेता येत. वडिलांना हे फार आवडलं असतं.

एवढं जहाज बांधायचं कसब डंडीत आलं कुठून? याचं उत्तर थेट आपल्याकडे येतं. बंगालचा ताग इथल्या गिरण्यांत यायचा. तो कातण्याआधी मऊ करायला देवमाशाचं तेल लागायचं. तेलासाठी इथली जहाजं उत्तरेच्या बर्फात शिकारीला जायची, आणि त्यामुळे बर्फात टिकणारी लाकडी जहाजं बांधणारे हात या गावात होते. 21 मार्च 1901 ला 'डिस्कव्हरी' इथे पाण्यात उतरली. स्कॉटचं दुसरं जहाज 'टेरा नोव्हा', तेही डंडीचंच, 1884 चं. घरी तांदळाची गोणी उचलताना यापुढे मला हे गाव आठवेल.

खाली अधिकाऱ्यांचा दिवाणखाना आहे. मधे लांब टेबल, भोवती छोट्या खोल्या. त्यातली एक रॉबर्ट फाल्कन स्कॉटची: अरुंद पलंग, लिहायला टेबल, बस्स. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

स्कॉट म्हटलं की आपल्याला दक्षिण ध्रुव आठवतो, आणि तंबूतला शेवट. पण या खोलीत राहिला तो नोकरीतला माणूस होता. जन्म 1868, नौदलाचं गाव डेव्हनपोर्ट. तेराव्या वर्षी डार्टमथला 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण जहाजावर भरती. पुढे टॉर्पेडो शाखा निवडली. ती तेव्हाची नवी विद्या. मग घरावर संकटं आली. 1894 मध्ये वडिलांचे पैसे बुडाले, तीन वर्षांनी वडील गेले, पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ आर्ची विषमज्वराने गेला. आई आणि बहिणी याच्या पगारावर. लढाई नाही, ओळखीपाळखी नाहीत, बढतीची रांग लांब. असं घर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतं.

जून 1899 मध्ये लंडनच्या रस्त्यावर त्याची गाठ सर क्लेमेंट्स मार्कम यांच्याशी पडली. मार्कम रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष, पूर्वी इंडिया ऑफिसातले. पेरू देशातून सिंकोना, म्हणजे हिवतापावरच्या कोयनेलचं झाड, आणून निलगिरीत लावण्याचं काम याच गृहस्थांचं. 1887 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये होड्यांची शर्यत जिंकणारा अठरा वर्षांचा स्कॉट त्यांच्या लक्षात राहिला होता. दक्षिणेची मोहीम निघतेय असं त्यांनी सांगितलं आणि स्कॉटने अर्ज केला. बर्फाचा अनुभव शून्य. ध्रुवाच्या ओढीपेक्षा बढतीची निकड मोठी होती असं मला वाटतं, आणि त्यामुळे तो मला जवळचा वाटतो, लहान नाही. 1900 मध्ये तो कमांडर झाला.

'डिस्कव्हरी' कागदोपत्री व्यापारी जहाज होतं, तरी स्कॉटने ते नौदलाच्या शिस्तीने चालवलं. अधिकारी वेगळे जेवायचे, खलाशी वेगळे. मात्र अधिकाऱ्यांच्या खोल्यांखाली कोळशाची कोठारं होती, त्यामुळे थंडी त्यांनाच जास्त बाधायची. जहाज दोन वर्षं अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून पडलं. 30 डिसेंबर 1902 ला स्कॉट आणि त्याचे दोन सोबती, विल्सन आणि शॅकल्टन, 82 अंश 17 मिनिटं दक्षिणेपर्यंत पोचले. परतताना तिघांनाही स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या आजाराने, ग्रासलं, सगळे कुत्रे मेले. कुत्र्यांचं तंत्र त्यांना नीट जमलं नव्हतं, आणि माणसांनी घसरगाड्या ओढणं स्कॉटच्या मनात पक्कं झालं ते इथेच. त्याची मोठी चूक कोणती म्हणाल, तर मी ही म्हणेन. दोर ओढायला खलाशी आहेतच, हा नौदलाचा भरवसा त्यात होता.

1904 मध्ये परतल्यावर तो कॅप्टन झाला. पुढची काही वर्षं युद्धनौकांवर गेली: 'व्हिक्टोरियस', 'अल्बेमार्ल', 'बुलवर्क'. 1909 मध्ये नौदलाच्या मुख्यालयात जागा मिळाली. जर्मनीशी नौकांची चढाओढ जोरात होती. तिथेच राहता तर बहुधा अ‍ॅडमिरल झाला असता. पण त्याने ध्रुवाची मोहीम काढली, आणि जून 1910 मध्ये तिचं जहाज 'टेरा नोव्हा' निघालं.

17 जानेवारी 1912 ला ध्रुवावर पोचलेल्या पाचांतले दोघे हिंदुस्थानातल्या नोकरीतले: ओट्स महूच्या छावणीत होता आणि बोवर्स रॉयल इंडियन मरीनचा लेफ्टनंट. नॉर्वेचा अमुंडसेन त्यांच्या आधीच येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. स्कॉट, विल्सन आणि बोवर्स यांचा तंबू होता तिथून पुढचा अन्नसाठा 11 मैलांवर होता.

लेकीला मी बाहेर बाकावर बसून एक गोष्ट सांगितली, ती तिला ठाऊक नव्हती. त्यांना शोधायला निघालेल्या तुकडीबरोबर भारतातून नेलेली सात खेचरं होती. नावं: लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. 12 नोव्हेंबर 1912 ला तंबू सापडला.

"गुलाब?" लेकीने विचारलं. "तिकडे, त्या बर्फात?"

"हो," मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी सातही नावं पुन्हा एकदा मोठ्याने म्हटली.